चुगलखोर डबी

माझा दादा चष्म्याचं दुकान चालवतो, त्यामुळे जगातलं सगळं डोळ्यांनीच कळतं अशी त्याची ठाम समजूत आहे. मी आंधळी आहे आणि अंगणात भट्टी लावून कोंबडी धुरावर भाजते. माझ्याकडे बोलणारा थर्मामीटर आहे. त्याची सळई कोंबडीत खुपसायची, डबी एप्रनच्या खिशात ठेवायची, की ती दर मिनिटाला आकडा सांगते. पंचाहत्तर झाले की कोंबडी तयार.

पण दादाला दम कुठला! तो सारखं झाकण उघडून रंग बघतो. उघडलं की धग पळते, आकडा अडतो आणि माझं डोकं फिरतं.

"एकसष्ट," डबी म्हणाली. मिनिटभराने पुन्हा, "एकसष्ट."

"दादा, झाकण ठेव!"

"मी हातसुद्धा लावला नाही!"

"मग काय कोंबडीने उघडलं?"

मी कांदा चिरायला आत गेले. खिशातून डबी बोलतच होती. "पंचावन्न. चव्वेचाळीस. सदतीस. सदतीस. सदतीस."

सुरी आपटून मी बाहेर आले.

"दादा, सळई काढ."

"कुठली सळई?"

"काखेतली."



"रंग बघताना निघाली. गार पडली तर ही डबी बोंबलेल, म्हणून उबेला ठेवली," तो पुटपुटला. "पण तुला दिसलं कसं?"

"सदतीसवर माणसाचं अंग असतं, दादा. एवढं कळायला चष्मा लागत नाही."

दादा लाजून गप्प झाला, सळई अजून काखेतच. डबी मात्र झाली नाही.

"अडतीस," ती म्हणाली.