एक्केचाळीस जॅकेटं कमी

तेलशुद्धीकरण कारखान्याचं स्टोअर बावीस वर्षं ताईंच्या ताब्यात होतं, आणि बावीस वर्षांत तिथून एक वॉशरसुद्धा सहीशिवाय बाहेर गेला नव्हता. लोक म्हणायचे, स्टोअरताईंच्या खिडकीतून वारासुद्धा सही करूनच बाहेर पडतो. ताई हे ऐकायच्या आणि वहीत पुढची ओळ आखायच्या.

त्या वर्षी तेलाचे भाव पडले. चढले होते तेव्हा ते मुख्य कार्यालयातल्या साहेबांच्या हुशारीमुळे चढले होते. पडले ते मात्र जागतिक परिस्थितीमुळे. मग काटकसर सुरू झाली. आधी मीटिंगमधली बिस्किटं गेली, मग ओव्हरटाइम गेला, मग वेल्डरांच्या हातमोज्यांची मागणी तीनदा नामंजूर होऊन आली, आणि शेवटी माणसं जायला लागली. पहिल्या खेपेला साठ जण गेले. आधी कुणी काही सांगितलं नाही. सोमवारी सकाळी गेटवर कार्ड लावलं की लाल दिवा लागायचा आणि पहारेकरी खाली मान घालून हातात पाकीट द्यायचा. बॉयलरवरच्या एका जुन्या माणसाला वाटलं, कार्डच मळलंय. शर्टाला पुसून पुसून त्यानं ते चार वेळा लावलं. "अरे, निदान कुणी समोर बसवून सांगायचं तरी!" एवढंच तो म्हणाला आणि पाकीट न फोडताच गेला. ताई रांगेत त्याच्या मागेच उभ्या होत्या.

कारखान्याचे मॅनेजर, म्हणजे मोठे साहेब, त्या दिवसापासून खाली दिसेनासे झाले. दुसऱ्या मजल्यावरच्या केबिनमध्ये मागच्या जिन्यानं यायचे, मागच्याच जिन्यानं जायचे. कुणी विचारायला गेलं तर सेक्रेटरी सांगायची, "निर्णय वरचा आहे." आता त्या इमारतीत मोठ्या साहेबांच्या वर फक्त पाण्याची टाकी होती.

उरले दोनशे बारा जण. कुणी रजा मागेना, कुणी आजारी पडेना, कुणी मोठ्यानं हसेना. मुख्य कार्यालयात कुणाच्या तरी लक्षात आलं की लोकांचं मनोबल खचलंय. एक पंप चुकीचा जोडला गेला होता, त्यावरून हे लक्षात आलं. उपाय म्हणून 'मनोबल पंधरवडा' जाहीर झाला, आणि एका बुधवारी सकाळी स्टोअरच्या दाराशी ट्रक येऊन उभा राहिला.

ट्रकमध्ये जॅकेटं होती. जाड, गडद निळी, छातीवर पिवळ्या दोऱ्यानं प्रत्येकाचं नाव शिवलेलं, आणि पाठीवर मोठ्या अक्षरात 'आम्ही एक कुटुंब'. ताईंनी मोजली. एकशे एकाहत्तर. चलनावरही एकशे एकाहत्तरच. ट्रकवाल्याला त्यांनी दोनदा आत डोकवायला लावलं, पण मागं राहिलेली पेटी काही निघाली नाही. मग त्या सोबत आलेली यादी घेऊन बसल्या.

वेल्डर अकरा होते, यादीत सात. प्रयोगशाळेत नऊ जण. यादीत सहा, आणि बाळंतपणाच्या रजेवर असलेल्या बाईंचं नाव नाही. पन्नाशीच्या पुढचे बहुतेक गायब. वेल्डरांची नावं ताईंनी तीनदा वाचली, बोट ठेवून. त्यांच्या धाकट्या दिराचं नाव कुठंच नव्हतं.

ताई काही खुळ्या नव्हत्या. नाव शिवून, मापं घालून इतके कपडे तयार व्हायला दीड महिना लागतो. म्हणजे दीड महिन्यापूर्वीच कुणीतरी बसून ठरवलं होतं, कोण उरणार. आणि गेटवर लाल दिवा लागेपर्यंत जी गोष्ट कुणाच्या कानावर जाऊ द्यायची नव्हती, ती मनोबल वाढवायच्या नादात स्वतःच पेट्या भरून पाठवून दिली होती.

ताईंचं स्वतःचं जॅकेट होतं. मध्यम माप. अंगात चपखल बसलं, तसं त्यांनी ते घाईघाईनं काढून ठेवलं.

दुपारच्या सुट्टीत दीर खिडकीशी आला. भाऊभाऊ एकाच घरात राहायचे. ताई आणि त्यांचे यजमान खाली, तो वर. घरी आणि कारखान्यात तो सारखाच बोलायचा.

"वहिनी, कुटुंबाचे कपडे आलेत म्हणे!"

"मोजणी चाललीय."

"माझं एक्स्ट्रा लार्ज असेल बघा. माप कुणाला सांगू नका, घरची गोष्ट आहे."

"जेवलात का भाऊजी?" ताईंनी विचारलं, आणि वहीत नको तिथं रेघ आखली. तो हसत निघून गेला. त्याच्या हातमोज्यांची बोटं फाटलेली होती. त्यानं त्यांना चिकटपट्टी गुंडाळली होती.

ताईंनी माल कमी आल्याचा फॉर्म काढला, कार्बन घातले आणि पुढच्या जिन्यानं दुसऱ्या मजल्यावर गेल्या. सेक्रेटरीनं तोंड उघडायच्या आतच त्या केबिनमध्ये होत्या.

"साहेब, माल कमी आलाय. सही लागेल."

मोठ्या साहेबांनी वर न बघता विचारलं, "किती?"

"एक्केचाळीस."

आता साहेबांनी वर बघितलं. "शिवणाऱ्यांची चूक असेल. आलीत तेवढी वाटून टाका."

"मग कुणाला द्यायचं नाही, ते लिहून द्या."

"ताई," साहेबांचा आवाज एकदम मऊ झाला, "तुम्ही समजूतदार आहात. तुमचं आलंय ना?"

"आलंय."

"मग झालं तर."

"तुमचं नाही आलं, साहेब."

साहेब हसले. मग त्यांनी यादी ओढून घेतली. आधी वरून खाली वाचली, मग खालून वर, मग मधूनच कुठून तरी. चाळीस नावं नाहीत हे त्यांना बघायची गरजच नव्हती, ती त्यांनीच दिली होती. एक्केचाळिसावं कुणी दिलं, ते मात्र त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी मुख्य कार्यालयाला फोन लावला. पलीकडचा आवाज टेबलाच्या अलीकडे उभ्या असलेल्या ताईंनाही स्वच्छ ऐकू आला: "त्याबद्दल मला काही बोलता येणार नाही. निर्णय वरचा आहे."

साहेबांनी फोन ठेवला. "बसा," ते म्हणाले. बावीस वर्षांत त्या खुर्चीवर ताई पहिल्यांदाच बसल्या.

"कपड्यांवरून कळवायचं?" साहेबांचा चेहरा लाल झाला होता. "आठ वर्षं राबलो इथं. समोर बसवून सांगायला काय धाड भरली होती यांना?"

"बॉयलरवरचा माणूस असंच म्हणाला होता," ताई म्हणाल्या. "गेटवर."

  मग ताईंनी फॉर्म पुढं सरकवला. "खाली शेऱ्याला जागा आहे, साहेब."

माणूस रागावला की त्याचं अक्षर मोठं होतं. साहेबांनी सगळी जागा भरून टाकली: 'सदर एक्केचाळीस जणांना कमी करण्याचं ठरलं आहे. प्रत्येकाला मॅनेजरनं समक्ष बसवून कारण सांगावं, तीन महिन्यांची लेखी मुदत द्यावी. गेटवर पाकीट देऊ नये.' सही करताना कागद फाटता फाटता राहिला. ताईंनी शिक्का मारला. तीन प्रती: एक वहीला, एक मुख्य कार्यालयाला, आणि कमी आलेला माल त्याच दिवशी जाहीर करायचा असा स्टोअरचा जुना नियम होता, म्हणून एक नोटीस बोर्डाला.

पण बोर्डाकडे जाण्याआधी त्या वेल्डिंगच्या शेडमध्ये गेल्या.

"भाऊजी, बोर्डावर वाचण्याआधी माझ्याकडून ऐका. तुमचं जॅकेट आलेलं नाही. ते येणारही नाही."

त्याला कळायला क्षणभर लागला. "एक्स्ट्रा लार्जचं कापड परवडलं नसेल," तो म्हणाला. मग विचारलं, "तुमचं आलंय?"

"हो."

"बरं झालं. दोघांचं गेलं असतं तर दादाला तोंड दाखवायची सोय नव्हती." त्यानं चेहऱ्यावर मुखवटा ओढला आणि पाइपवर वाकला. ताई दारात थांबल्या. बराच वेळ ठिणगी काही उडाली नाही.

दुसऱ्या दिवशी मोठे साहेब पुढच्या जिन्यानं खाली आले. आवारात उभं राहून त्यांनी सगळं सांगून टाकलं, स्वतःचं नावसुद्धा.  मग कुणीतरी टाळी वाजवली आणि तिची साथ पसरली. साहेबांनी शेडमध्ये चक्कर मारली, पंपावरच्या लोकांबरोबर उभ्यानं चहा घेतला, हातमोज्यांची मागणी दहा मिनिटांत मंजूर केली. माणूस असावा तर असा, असं लोक म्हणायला लागले. ज्याचं जळतं त्याला कळतं, असं ताईंच्या मनात आलं. पण हातमोजे खरोखरच आले होते, म्हणून त्या काही बोलल्या नाहीत.

हे चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी मुख्य कार्यालयाकडून कुरिअर आलं. आत एकच जॅकेट, छातीवर मोठ्या साहेबांचं नाव, आणि चिठ्ठी: यादी करताना नजरचूक झाली, क्षमस्व. खरोखर नजरचूक होती की साहेब खाली उतरल्याची धास्ती, देव जाणे. ताई ते सहीसाठी वर घेऊन गेल्या. साहेबांनी लगेच घालून बघितलं. दोन मापं मोठं होतं. बाह्या पार बोटांवर आल्या.

"चूकच होती म्हणे," साहेब बाह्या दुमडत म्हणाले. "मी उगाच... ताई, तो परवाचा कागद जरा परत आणा. शेरा घाईत लिहिला मी."

"वहीत नोंद झालीय, साहेब."

"मग खोडा."

"खोडता येतं. खोडायला सांगणाऱ्यानं नाव, हुद्दा आणि कारण लिहून सही करायची. तुम्ही करता?"

साहेबांनी पेन उचललं, आणि खाली ठेवलं. "हे वरून यायला हवं," ते म्हणाले.

वरून काही येईना. तीन आठवडे ईमेल फिरत राहिल्या. प्रत्येकात 'योग्य ती कार्यवाही व्हावी' असं होतं, पण ती कुणी करावी, ते एकाही ईमेलमध्ये नव्हतं. शेरा खोडायला नाव घालावं लागत होतं, आणि मुख्य कार्यालयातल्या सहा मजल्यांवर स्वतःचं नाव घालायला एक माणूस तयार होईना. जो तो काखा वर करत राहिला, आणि शेरा होता तिथंच राहिला.

म्हणून मग मोठ्या साहेबांना चाळीस जणांना एकेक करून समोर बसवावं लागलं. कागद स्टोअरचा, म्हणून साक्षीला ताई. साहेबांनी दर वेळी तेच वाक्य म्हणायचं ठरवलं होतं, आणि पहिल्या सहा जणांना ते पुरलं. एकानं पाणी मागितलं. प्रयोगशाळेतल्या बाई बाळाला घेऊनच आल्या होत्या. त्यांनी नुसतीच मान हलवली. सातवा ताईंचा दीर.

"परिस्थितीमुळे असा निर्णय घ्यावा लागला," साहेब म्हणाले.

"ते कळलं. पण अकरा वेल्डरांत माझं नाव का? परिस्थितीनं कळवलं का तुम्हाला?"

साहेबांनी ताईंकडे बघितलं. ताई वहीकडे बघत होत्या.

"नाव मी दिलं," साहेब शेवटी म्हणाले.

"का?"

"तुम्ही हातमोज्यांसाठी तीनदा लिहिलंत. तक्रारखोर वाटलात."

बाहेर कुठंतरी वाफ सुटल्याचा आवाज आला आणि थांबला.

"बरं," दीर म्हणाला. "काम वाईट होतं म्हणाला असतात तर मात्र मला झोप लागली नसती." तो उठला, आणि साहेबांनी हात पुढं केला होता तो त्याला दिसला नसावा.

साहेबांनी घामेजला चेहरा पुसला आणि आठव्याला बोलवायला सांगितलं. पण त्यानंतर ते ठरलेलं वाक्य त्यांच्या तोंडून नीट निघेना. काहींना त्यांनी खरं कारण सांगितलं, काहींना सांगता सांगता गिळलं. संध्याकाळपर्यंत त्यांचा आवाज बसला. मनोबल पंधरवड्याच्या अहवालात मुख्य कार्यालयानं 'समक्ष संवादाचा आदर्श' म्हणून त्यांचं कौतुक केलं आणि बाकीच्या कारखान्यांनीही हीच पद्धत अवलंबावी असं कळवलं. कल्पना कुणाची, ते कुणी विचारलं नाही.

तीन महिन्यांच्या मुदतीत दिराला बोटी दुरुस्त करणाऱ्यांकडे काम मिळालं. चाळिसांतल्या सगळ्यांना मिळालं असं नाही. निम्मे अजून शोधत होते. शेवटच्या दिवशी तो आपली हत्यारं जमा करायला खिडकीशी आला. ताईंनी एकेक मोजून घेतलं, पान्याचे आकडे वाचून दाखवले, प्रत्येकापुढं खूण केली. मागं रांग होती, पण त्यांनी घाई केली नाही. न मोजता घेतलं असतं तर त्यालाच वाईट वाटलं असतं.

"सगळं बरोबर आहे, भाऊजी," त्या म्हणाल्या. "इथं सही करा."

त्यानं सावकाश, पूर्ण नावाची सही केली.