ज्यांनी मला जुळवलं

मी एक मोटारगाडी बोलतेय. लाल रंगाची, टप नसलेली, दोन माणसं जेमतेम मावतील एवढी. माझ्या अंगावर कंपनीचं नाव शोधू नका, सापडणार नाही. मी कुठल्या कारखान्यात जन्मले नाही. तीन मेलेल्या गाड्यांमधून दोघा पोरांनी मला उभं केलं. मी अजून आहे, ती दोघं नाहीत.

माझा सांगाडा अपघातात चेपलेल्या एका गाडीचा. इंजिन पुराच्या पाण्यात बुडालेल्या टॅक्सीचं. पत्रा एका बंद पडलेल्या बेकरीच्या व्हॅनचा. पहिल्या उन्हाळ्यात माझा रंग पोपडे धरून सुटला, तेव्हा दारावर ‘ताजा पाव’ ही अक्षरं वर आली आणि गल्लीतली पोरं मला हात दाखवून पाव मागू लागली. सीट मोडीत निघालेल्या सिनेमा थिएटरच्या.

हे सगळं घडलं एका वेल्डरच्या वर्कशॉपमध्ये. उताराच्या गल्लीच्या टोकाला पत्र्याची शेड, आत काळवंडलेल्या भिंती, गॅसच्या नळकांड्या आणि कोपऱ्यात कायम गुणगुणणारा रेडिओ. वेल्डर बोलायला फटकळ, हाताला मऊ. त्याचा एकुलता एक मुलगा म्हणजे लांब्या. नाव अगदी शोभायचं. माझ्यात बसला की गुडघे कानाला लागायचे.

दुसरा कानसेन. हा लांब्याचा जिवलग मित्र. त्याला दमा होता, पण कान असा की काय सांगावं. रबरी नळीचं एक टोक बॉनेटला आणि दुसरं कानाला लावून डोळे मिटून उभा राहायचा आणि म्हणायचा, “तिसऱ्या सिलिंडरला सर्दी झालीय.” उघडून बघितलं की तिसऱ्यातच बिघाड.

आणि कानसेनाची थोरली बहीण. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला होती. ड्यूटी संपली की डबा घेऊन वर्कशॉपमध्ये यायची, आणि भाऊ जेवेपर्यंत माझ्या स्टिअरिंगशी बसायची. गाडी चालवायला ती माझ्यातच शिकली. कानसेन तिला ताई म्हणायचा, म्हणून मीही ताईच म्हणते. लांब्या मात्र तिला ताई म्हणायचा नाही. का, ते अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. त्या दोघांनाच ते बोलून दाखवायचं धाडस होत नव्हतं.

“तू गाडीत बसत नाहीस रे,” ती त्याला म्हणायची. “तू गाडी अंगात घालतोस.”

“मापाची शिवून घेतलीय,” लांब्या म्हणायचा.

गावाबाहेर एक घाट होता. गाड्यांच्या वेडाने झपाटलेल्या पोरांचा एक क्लब होता आणि दर वर्षी तो घाटावर शर्यत लावायचा. एकेक गाडी एकटी चढायची आणि माथ्यावर कुणीतरी घड्याळ धरून उभं असायचं. डॉक्टरांचा थोरला मुलगा यायचा, शिंप्याचा भाचा यायचा, शाळेतला नवा मास्तर यायचा. बहुतेकांच्या गाड्या माझ्यासारख्याच, तुकडे जोडून केलेल्या. आवाज मोठा, खिसा रिकामा आणि अंगावर ग्रीसचे डाग. जग आपल्यासाठीच सपाट करून ठेवलंय अशा थाटात ती पोरं वावरायची.

त्या शेवटच्या शर्यतीत लांब्याने मला असं काही चढवलं की माझी मलाच ओळख पटेना. मधल्या अवघड वळणावर त्याने ब्रेकला पाय लावला नाही. माथ्यावर पोचलो तेव्हा गर्दीतून एक गृहस्थ पुढे आले. साधे कपडे, नीट कापलेले केस, फार सभ्य बोलणं. त्यांनी लांब्याला चहा पाजला.

“ब्रेक न लावता ते वळण कसं घेतलंस?”

लांब्याने हातवारे करून सगळं सांगितलं. कुठे पाय उचलायचा, कुठे स्टिअरिंग सैल सोडायचं. गृहस्थ लक्ष देऊन ऐकत होते. “असे हात फार थोड्यांना असतात,” ते म्हणाले. मग ते प्रत्येक गाडीपाशी थांबले. नावं त्यांना विचारावी लागली नाहीत. क्लबचा अध्यक्षच कौतुकाने एकेका पोराची ओळख करून देत होता. जाताना त्यांनी माझ्या बॉनेटवर हात ठेवला. इंजिन तापलेलं होतं, तरी त्यांनी तो चटकन उचलला नाही.

रेडिओचा आवाज त्यानंतर बदलला. आधी गाणी कमी झाली, मग बातम्या लांबल्या. वेल्डर काम थांबवून ऐकू लागला. पेट्रोल मिळेनासं झालं. सगळ्या गाड्यांचे दिवे काळ्या रंगाने झाकायचा हुकूम आला, आणि कानसेनाने माझ्या डोळ्यांवर ब्रश फिरवला. मध्ये बोटभर फट ठेवली. त्या फटीतून मला फक्त समोरचा रस्ता दिसायचा, बाजूचं काही नाही. त्या दिवसांत सगळ्या गावाचंच तसं झालं होतं.

युद्ध लागलं आणि सगळ्यांत आधी बोलावणं आलं ते गाड्या चालवता येणाऱ्यांना. घाटावरच्या पोरांना भरतीच्या रांगेत फार वेळ उभं राहावं लागलं नाही. “वळणं घेता येतात?” एवढंच विचारलं म्हणे. दारूगोळ्याचे ट्रक डोंगरातून पुढे न्यायचे होते.

निघताना लांब्याने बापाला वाकून नमस्कार केला, तर वेल्डर म्हणाला, “ट्रक आहे तो. आपली लाल गाडी समजून चालवू नकोस.”

“नाही बाबा.”

“हळू चालव.”

“हळू चालवणाऱ्याला पहिला टिपतात, बाबा,” लांब्या म्हणाला आणि हसला. त्याच्याबरोबर कुणीच हसलं नाही.

कानसेनालाही जायचं होतं. दम्यामुळे लष्कराच्या डॉक्टरने त्याला नापास केलं. ताईने त्या संध्याकाळी भावाच्या आवडीचा स्वयंपाक केला आणि तो जेवला नाही. पुढे काही महिन्यांनी तो पुन्हा गेला. डॉक्टर तोच होता, दमाही तोच होता. या वेळी पास झाला. तिकडे काय चाललंय हे त्यावरूनच ओळखावं. बंद पडलेली वाहनं रस्त्यातच दुरुस्त करून ओढून आणणाऱ्या तुकडीत त्याला घेतलं.

लांब्या एकदा रजेवर आला. घरात बसवेना म्हणून वर्कशॉपमध्ये आला. वेल्डरने कुठून तरी थोडं पेट्रोल मिळवून ठेवलं होतं. ताई शेजारी बसली आणि आम्ही निघालो.

मला वाटलं होतं, आता घाट. पण त्याने मला इतक्या हळू चालवलं की सायकलवाले पुढे जाऊ लागले. तो समोर बघत नव्हता, रस्त्याच्या कडा बघत होता. ताई एक्स्चेंजमधल्या गमती सांगत होती. तो ‘हं’ म्हणत होता, पण ऐकत नव्हता.

नदीकडच्या वळणावर नगरपालिकेने एक खड्डा नुकताच बुजवला होता. काळं, ताजं डांबर, साधारण ताटाएवढं. लांब्याने मला जागच्या जागी थांबवलं. मग त्याने मला मागे घेतलं, बरंच मागे.

“काय झालं?” ताईने विचारलं.

“काही नाही.”

“अरे, खड्डा बुजवलाय नुसता.”

“माहीत आहे मला,” तो म्हणाला. “माहीत आहे. तू चालव.”

त्याने उतरून जागा बदलली. ताईने मला त्या डांबरावरून नेलं. माझं चाक त्यावर चढलं तेव्हा लांब्याने डोळे मिटून घेतले आणि दुसऱ्याच क्षणी तिच्या मनगटाला धरलं. वर्कशॉप येईपर्यंत सोडलं नाही. मला वाटलं, आता बोलतील. पण गाडी थांबली आणि समोर वेल्डर उभा होता.

पुढे हिवाळ्यात एका दुपारी वेल्डर माझ्याखाली आडवा झाला होता. माझा सायलेन्सर सैल नव्हता, तरी तो घट्ट करत होता. हाताला काम हवं असायचं त्याला. गल्लीत एक गाडी थांबली. इंजिनाचा आवाज अनोळखी. मग उंबऱ्यापाशी बूट आले, दोन जोड. पॉलिश इतकं लख्ख की दारातला उजेड त्यात दिसावा.

“कुणी आहे का?” वरून विचारणा झाली.

वेल्डरचा पाना थांबला. त्याला बुटांवरूनच कळलं असावं.

“काका, जरा बाहेर येता का?”

“नाही,” तो म्हणाला. “काम चालू आहे.”

“आम्हाला तुमच्याशी बोलायचंय.”

“बोला. ऐकू येतंय.”

बूट थोडे हलले. माणसाला समोर बघून सांगायची बातमी गाडीच्या पत्र्याला कशी सांगायची, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. शेवटी एकजण खाली गुडघ्यावर बसला, टोपी काढली आणि माझ्याखाली वाकून त्याने सांगितलं. रस्त्यात पेरलेला सुरुंग. सगळ्यांत पुढचा ट्रक लांब्याचा. काही त्रास झाला नसेल, असंही म्हणाला.

ते गेल्यावरही वेल्डर बाहेर आला नाही. तो माझ्याखाली पडून राहिला, आणि मी त्याच्यावर उभी राहिले. मला दुसरं काय करता येत होतं?

त्यानंतर तो माझ्याकडे बघेना. मग एके सकाळी त्याने गॅसची नळकांडी ओढत आणली, चष्मा चढवला आणि कापायची ज्योत पेटवली. आधी पिवळी, मग निळी, टोकदार. ती माझ्या दाराकडे येऊ लागली. रंग फुगायला लागला तेवढ्यात ताई आत आली.

“काका, काय करताय?”

“हिच्यात शिकला तो. ह्या भंगारात. हिच्यात शिकला नसता तर त्याला कुणी विचारलं नसतं. आता दुसरं कुणाचं पोर हिच्यात बसायला नको.”

ताई ज्योतीच्या आणि माझ्या मध्ये येऊन उभी राहिली. “कापा. पण ही माझ्या भावाचीही आहे. तो परत आला की त्याला तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार.”

वेल्डरने नळकांडीची चावी फिरवली आणि ज्योत फट् करून विझली. दारावरचा तो फोड अजून आहे माझ्या.

कानसेन परत आला नाही. त्याची बातमी त्याच्या तुकडीतला एकजण घेऊन आला. त्याला कुबड्या होत्या. ताईने त्याला माझ्या सीटवर बसवलं, कारण वर्कशॉपमध्ये धड खुर्ची नव्हती.

“विमानाचा आवाज त्यालाच पहिल्यांदा ऐकू आला,” तो म्हणाला. “आम्हाला कुणालाच काही ऐकू येत नव्हतं. तो ट्रकखालून ओरडला, पळा. आम्ही पळालो. सगळे वाचलो.”

“आणि तो का नाही पळाला?” ताईने विचारलं.

“गिअरबॉक्स उतरवून छातीवर घेतला होता त्याने. तो बाजूला ठेवून निघायला वेळ लागतो.”

ताईने मान हलवली. हे तिला समजलं. माझ्याखाली तिने भावाला तसं झोपलेलं कितीदा पाहिलं होतं. पाहुणा गेल्यावर ती वेल्डरला म्हणाली, “काका, आता कापायची तर कापा. मला काही म्हणायचं नाही.”

वेल्डर माझ्याजवळ आला. त्याने पुढच्या चाकावरच्या सांध्यावरून बोट फिरवलं. “हा टाका लांब्याचा आहे,” तो म्हणाला. “वाकडा. मी तेव्हाच म्हटलं होतं, पुन्हा कर.” त्याचं बोट तिथेच राहिलं. “राहू दे.”

युद्ध संपलं तेव्हा गल्लोगल्ली झाकलेल्या गाड्या दिसायच्या. डॉक्टरांच्या फाटकात एक, शिंप्याच्या मागच्या अंगणात एक. काही विकल्या गेल्या. गिऱ्हाईक किमतीची घासाघीस करायला लागलं की घरातली बाई मध्येच विचारायची, “तुम्ही स्वतः चालवणार ना? नीट ठेवाल ना?” क्लबात परत आला तो फक्त मास्तर, आणि त्याने पुन्हा कधी चाकाला हात लावला नाही.

वेल्डर वारला. शेड आणि मी ताईकडे आलो. तिने लग्न केलं नाही. आता तिचे केस पांढरे झालेत आणि ती शेडमध्ये मुलींना गाडी चालवायला शिकवते. त्यासाठी दुसरी गाडी आहे. मला ती आठवड्यातून एकदा चालू करते, थोडा वेळ ऐकते आणि बंद करते. भावासारखा कान नाही तिला, तरी ऐकते.

घाटाच्या माथ्यावर आता एक दगड आहे. त्यावर पोरांची नावं आणि हुद्दे कोरलेत. तिथे जाऊन मान झुकवा, चांगलंच आहे. पण दगडावर फार थोडं मावतं. लांब्याला सूर नव्हता आणि तरी तो चढावर गायचा. कानसेन माझं बॉनेट लावताना दर वेळी स्वतःचं बोट चेमटवायचा. ते तुम्ही लक्षात ठेवलंत तर बरं. मरायच्या आधी ती पोरं किती मजेत जगत होती, हे सांगणारं आता ताईशिवाय कुणी नाही.

परवा क्लबचे नवे अध्यक्ष आले होते. हसतमुख, मोकळा माणूस. हल्ली बातम्या पुन्हा लांबल्यात, हे मला शेडमध्ये बसूनही कळतं. सीमेवर काहीतरी चाललंय. गावातून मुलांची एक तुकडी निघणार होती, तिची मिरवणूक होती.

“तुमची लाल गाडी सगळ्यांत पुढे ठेवू,” ते म्हणाले. “हार घालू. नव्या भरतीतली दोन मुलं आत बसवू. केवढी प्रेरणा मिळेल मुलांना, ताई.”

“बंद आहे ती,” ताई म्हणाली.

“अहो, गेल्या महिन्यात तर मी आवाज ऐकला.”

“त्यानंतर बंद पडली.”

अध्यक्षांनी आत हात घालून किल्ली फिरवली. मी नुसतीच कण्हले, पेटले नाही. पेटणार कशी? ठिणगी वाटून देणारा रोटर नावाचा एवढासा तुकडा असतो, तो ताईने सकाळीच काढून आपल्या पर्समध्ये टाकला होता. पर्स तिच्या काखेत होती आणि तिने ती कोपराने घट्ट धरली होती.

अध्यक्ष हळहळून गेले. त्यांनी शेजारच्या गावातून दुसरी गाडी मिळवली, असं ऐकलं.

तुम्ही कधी या बाजूला आलात तर जरूर आत या. माझ्या दाराला हात लावा, बसूनही बघा. फक्त मला चालू करा म्हणून ताईला आग्रह करू नका.

आज दुपारी गल्लीतून लष्कराचे ट्रक गेले. शेडचे पत्रे थरथरत राहिले. ताई दारात उभी होती, हात कपाळाशी धरून. चालवणारे सगळे कोवळे होते. कोपऱ्यावर गल्ली अरुंद आहे, तिथे भले भले अडकतात. त्यातल्या एका पोराने ते वळण ब्रेकला पाय न लावता घेतलं, फार सुरेख घेतलं, आणि ताई तोंड फिरवून आत आली.