घासलेली अक्षरं

"दादा, हा तीन व्होल्टचा की पाचचा? तीनचा असेल तर नुसती मान हलव."

धाकट्याने भिंग आणि बोर्ड थोरल्याच्या डोळ्यांपुढे धरले. पक्षाघाताने थोरल्याची वाचा आणि उजवी बाजू गेली होती. कळत मात्र सगळं होतं. सकाळीच वहिनी चहात साखर घालायला विसरली, तर त्याने डाव्या हाताने कप ढकलून दिला होता.

आता त्याने डोळे मिटून घेतले.

"अहो, सांगा की! तिकडे यंत्र बंद पडून त्या बाईंची अंडी गार पडताहेत," वहिनी म्हणाली. मग हळूच, "दमले असतील हो, भाऊजी."

"मान हलवायला काय दमायचं, वहिनी?"

अंडी उबवण्याच्या यंत्राचे बोर्ड थोरला बनवायचा, दुरुस्ती धाकट्याकडे. बोर्डावरचे भाग तांदळाच्या दाण्याएवढे. त्यांच्या अंगावर पूर्ण नाव मावत नाही, दोन-तीन अक्षरांची खूण असते; आणि तीच खूण दुसरा कारखाना भलत्याच भागाला देतो. म्हणून धाकटा आधी पाय मोजी, शेजारीपाजारी कोण बसलंय ते पाही, मगच अक्षरांवर विश्वास ठेवी. इथे अक्षरंच नव्हती. वीज बेताने पुढे सोडणाऱ्या या पाच पायांच्या तुकड्याची पाठ थोरला पॉलिश पेपरने घासून टाकी. "नक्कल करणारे टपलेत," म्हणे. हाच भाग गेला, तर तो बोर्ड स्वतःकडे ओढून घेई. आता तुकडा जळला होता, मोजून काही कळेना. चुकीचा बसवला तर मुख्य चिपही जाणार.

धाकटा उत्तर न मिळताच घरून दुकानात परतला, तेव्हा उबवणीवाली बाई बाकावर वाट पाहत होती.

"एका टेबलावर बसता ना दोघं भाऊ? मग एकाचं एकाला ठाऊक नाही?"

"नक्कल होऊ नये म्हणून लपवतो तो."

"तुमच्यापासून?"

"छे हो! बाहेरच्यांपासून," धाकटा हसला.

बाईने पिशवीतून आणखी एक बोर्ड काढला. "हा आमचा पहिला. माझ्या वडिलांनी घेतलेला, कधीचा बंद आहे. यातलं काही लागतंय का बघा."

धाकट्याने तो भिंगाखाली धरला. तीच जागा, तेच पाच पाय, आणि पाठीवर स्वच्छ अक्षरं. पाय जुळले, शेजार जुळला. तीन व्होल्टचाच. ड्रॉवरमधला त्याच अक्षरांचा नवा तुकडा त्याने डाग देऊन बसवला. बोर्डावरचा दिवा लागला.

"निम्मी तरी जगतील," म्हणत बाई धावतच गेली.

मग धाकट्याने दुरुस्तीला येऊन पडलेल्या जुन्या बोर्डांचं थोरल्याचं कपाट उघडलं आणि छापलेलं साल बघत एकेक बोर्ड भिंगाखाली घेतला. तो स्वतः दुकानात येण्याआधीच्या सगळ्यांवर अक्षरं होती. तो आला त्या वर्षापासून एकावरही नव्हती. नक्कल करणारे आधीही होतेच. नवा होता तो एकटा धाकटाच. आणि इतकी वर्षं एका ताटात जेवून दादाने ताकास तूर लागू दिली नव्हती.

"जमलं का?" घरी वहिनीने विचारलं.

"जमलं."

"आजारात डोकं चालत नाही हो त्यांचं. मनावर घेऊ नका."

"हं. चादर द्या, बदलून घेऊ."

थोरल्याला उचलताना त्याचा चांगला हात पडायच्या भीतीने धाकट्याच्या मानेभोवती घट्ट आवळला गेला. डोळे उघडे होते, धाकट्याचा चेहरा चाचपत. वहिनीने चादर ओढून कोपरे खोचले, तोवर धाकटा तसाच वाकून उभा राहिला. मग त्याने भावाला अलगद खाली ठेवलं, मानेभोवतीची बोटं एकेक करून सोडवली आणि तो हात त्याच्याच छातीवर ठेवून दिला.