मच्छिंद्र महाराजांच्या तोंडातले खडे

मंठ्यापासून तीन कोसांवर आमचं गाव. एकोणीसशे त्र्याण्णव साली तिथं दर गुरुवारी जत्रेसारखी गर्दी उसळायची. शाळेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मच्छिंद्र महाराज लोकांच्या पोटातले खडे तोंडानं ओढून काढत. सुरी नको, टाके नकोत! पोटावर विड्याचं पान ठेवायचं, पानाला तोंड लावून जोरात ओढायचं आणि परातीत टण्‌कन खडा थुंकायचा. एका म्हाताऱ्याचा तर डोकेदुखीचा खडा निघाला, तोही पोटातूनच.

मी तिथल्याच सरकारी दवाखान्यात केसपेपर लिहायचो. गुरुवारी आमच्या बाकांवर कुत्री झोपायची. एकदा जिल्ह्याहून फॉर्म आला : 'बाह्यरुग्ण समाधानी आहेत काय?'

"सगळीकडं 'होय' लिही," डॉक्टरसाहेब म्हणाले. मी लिहिलं.

नर्स उषाबाईंनी ते वाचलं. "समाधानी माणसं तर तिकडं शेडमध्ये बसलीत. चला, त्यांनाच विचारू."

शेडमध्ये कचरूची बायको सगुणाबाई पोट धरून वाकली होती; कचरू शेजारीच बसला होता. मागच्या गुरुवारी तिचे पाच खडे निघाले होते. आता उजवीकडं खाली कळा येत होत्या आणि अंगात ताप होता.

"दवाखान्यात का आली न्हाईस?" उषाबाईंनी विचारलं.

"आल्ते की परवा. डाक्टरनं मान वर न करता गोळ्या लिवल्या. कुठं दुखतं ते बी इचारलं न्हाई. महाराजांनी नाव घेऊन इचारलं, पोटाला हात लावला. खडा बी दावला!"

उषाबाई तीन रोगी उरकेपर्यंत नुसत्या बघत राहिल्या. मग माझ्या कानाशी म्हणाल्या, "आधी मंत्र खणखणीत. मंग चिमूटभर विभूती तोंडात. त्यानंतर नुसतं हुं हुं. असं का?"

सगुणाबाईचा नंबर आला. महाराजांनी विभूती जिभेवर घेतली, तशा उषाबाई उठल्या.

"महाराज, बाई घाबरलीय. मंत्र मोठ्यानं म्हणा."

"हुं."

"निदान तिचं नाव तरी घ्या!"

"घ्या महाराज, घ्या!" भाविकही ओरडले.

महाराजांनी ओठ जेमतेम उघडले. "सगु..." आणि परातीत टण्, टण्! दोन खडे पडले. पान अजून शिष्याच्याच हातात होतं.

उषाबाईंनी विभूतीचं भांडं परातीत उलटं केलं. राखेत मूठभर बारीक खडे. कचरूनं एक बोटांनी चोळला. "आरं, ही तर वढ्यातली वाळू!"

"नास्तिकाची नजर लागली की विभूतीचे खडे होतात," महाराज म्हणाले. यावेळी शब्द अगदी स्पष्ट होते.

ते ऐकायला कचरू थांबला नाही. बायकोला बैलगाडीत घालून त्यानं दवाखाना गाठला. उषाबाईंनी डॉक्टरांपुढचा कागद बाजूला सरकवला. "साहेब, आधी पोट तपासा." साहेबांनी उजवीकडं दाबलं, सगुणाबाई किंचाळली आणि साहेबांचा चेहरा उतरला. "अपेंडिक्स! जीप काढा, जल्दी." त्याच दिवशी जालन्याला ऑपरेशन झालं. आणखी उशीर झाला असता तर आत फुटलं असतं, असं तिथल्या सर्जननी सांगितलं.

सगुणाबाई वाचली. महाराजांना मात्र पुढच्या गुरुवारी कुणी पाहिलं नाही.

पोटाच्या कातडीतून खडा बाहेर आला, तर कातडीला भोक पडलेलं दिसायला हवं. ते दिसत नसेल, तर खडा काढणाऱ्याला आधी चूळ भरायला सांगा. आणि डॉक्टर न तपासताच गोळ्या लिहू लागला, तर बाकावरून उठू नका. 'आधी तपासा' असं त्यालाही सांगा.