मूर्खाचा गुडघा

बाझल शहरातल्या आमच्या जुन्या सामानाच्या दुकानात जिगसॉ तपासायचं काम माझ्याकडे आणि डोर्लीकडे होतं. लोक घरातली अडगळ फुकट आणून टाकतात. त्यात जिगसॉचा खोका निघाला की आम्ही दोघींनी तो अख्खा जुळवायचा, झाकणावर 'पूर्ण' लिहून सही करायची आणि परत मोडून ठेवायचा. शेवटचा तुकडा जिने लावला, तिची सही. एक तुकडा जरी कमी निघाला तरी खोका थेट रद्दीत. अकरा वर्षं दर मंगळवारी आणि शुक्रवारी आम्ही हेच केलं. तुम्ही हसाल, पण आमच्या सहीचा खोका कुणी कधी परत आणला नव्हता.

कार्निव्हलच्या आधी तो मूर्खांचा खोका आला. पाचशे वर्षांपूर्वीचं लाकडी ठशाचं चित्र होतं. घुंगरांच्या आणि गाढवाच्या कानांच्या टोप्या घातलेले मूर्ख एक गाडी ओढताहेत, अर्धे पुढे, अर्धे मागे. एक जण चाळणीत पाणी भरतोय, एक गोगलगाय नांगराला जुंपतोय. रंग म्हणाल तर नावालाही नाही, पिवळट कागदावर नुसत्या काळ्या रेघा.

"बघ, हा चाळणीवाला थेट तुझा स्वर्गवासी नवरा," मी म्हटलं.

"आणि गोगलगायवाली तू. लिस्बेथ, तुझी घाई कुठे गेली आज?" डोर्ली म्हणाली. पण तिचे हात चालत नव्हते. तास झाला तरी तोच ढीग ती चाचपत बसली होती.

माझं डोकं लवकर तापतं, हे सगळ्या दुकानाला ठाऊक आहे. तिसऱ्या दिवशी तिने एका मूर्खाचा पाय दुसऱ्याच्या टोपीत मुठीने ठोकून बसवला. मी ओरडले, "आंधळी झालीस का गं?"

"हो," ती म्हणाली.

एवढंच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ऑक्टोबरात डॉक्टरने सांगितलं होतं. दोन्ही डोळ्यांचा मधला भाग गेला होता, कडेकडेचंच दिसत होतं. रंगांवर ती कशीबशी निभावत होती, या रेघांनी तिला उघडं पाडलं.

"गिझिनला सांगू नकोस," ती म्हणाली. गिझिन आमचा व्यवस्थापक. "तो मला घरी बसवेल. घरी कोण आहे माझं? रेडिओ. सारखा बडबडतो मेला, पण मला काही विचारत नाही. हे दोन दिवस काढून घेतले तर मी संपले बघ."

"मी कशाला सांगतेय? मी आहे ना. मी बघीन, तू लाव."

"पण खरं काय ते सांगायचं. जे दिसेल ते."

"अगं हो, खरं तेच."

मग आमचं चांगलं जमलं. मी तुकडा तिच्या हातात द्यायचे, सांगायचे, "घुंगरू आहे, खाली डावीकडे." तिची बोटं जागा शोधायची. तीन आठवडे लागले, पण तिचा चेहरा उजळला होता. मधाची लेकर्ली बिस्किटं ती घरून भाजून आणायला लागली, थोडी करपलेली. मी मुकाट्याने खायचे.

शेवटच्या शुक्रवारी खोका रिकामा झाला आणि चित्रात एक भोक राहिलं. गाडी ओढणाऱ्या एका मूर्खाचा गुडघा. टेबलाखाली हळूच पाहिलं, माझ्या स्वेटरच्या बाह्या झटकल्या, कुठेच नाही. तिने नुकताच एक तुकडा लावला होता आणि हात पुसत ती वाट बघत होती.

"झालं का गं? हाच शेवटचा?"

नाही म्हणायचं होतं. पण तीन आठवडे रद्दीत जाणार, आणि तिचं ते तोंड! मी म्हटलं, "झालं. पूर्ण."

"मला बघू दे." तिने हात पुढे केला. मी तो मनगटाला धरला आणि चित्रावरून फिरवला, गाडीवरून, नांगरावरून, टोप्यांवरून. भोकाच्या बाजूने वळवून नेला. तिला कळलं नाही. तिने झाकणावर मोठ्या अक्षरात सही केली, ओळ जरा वर चढली.

अकरा दिवसांनी गिऱ्हाईक खोका परत घेऊन आलं. गिझिन मवाळ माणूस. तो डोर्लीच्या खुर्चीशी उकिडवा बसला. "शाउबबाई, एक तुकडा नाही यात. सही तुमची आहे. डोळ्यांचा काही त्रास होतोय का? आता जरा आराम करा तुम्ही."

गप्प बसले असते तर दोष तिच्या डोळ्यांवर गेला असता. ते मला सहन होईना. मी म्हटलं, "तिची चूक नाही. भोक मला दिसत होतं. पूर्ण आहे असं मीच सांगितलं."

डोर्ली माझ्याकडे वळली नाही. टेबलाकडेच तोंड करून म्हणाली, "तू माझा हात धरून फिरवलास."

"अगं, तुझ्यासाठीच केलं ना."

"आणि त्यानंतरचे? या अकरा दिवसांत दोन लहान खोके केले आपण."

"ते खरोखर पूर्ण होते. शपथ घेते."

"असतील. मला कसं कळणार?"

गिझिनने तिला राहू दिलं असतं. त्याने तसं म्हटलंही. पण तिने कोट चढवला आणि भिंतीला हात लावत ती दाराबाहेर पडली. मी मागे धावले. तिचं नाव घेऊन दोनदा हाक मारली, तिने ऐकलं, पण ती चालत राहिली. रस्त्यावर पोरं कार्निव्हलसाठी ढोल वाजवण्याचा सराव करत होती.

थांब्यावर मी तिच्या बाजूला उभी राहिले. ट्राम आली. तिला आकडा दिसत नाही, हे मला माहीत होतं.

"आठ नंबर आहे," मी म्हटलं. "तुझीच."

डोर्ली जागची हलली नाही. पलीकडे दप्तर घेतलेली एक मुलगी उभी होती. डोर्लीने चाचपत तिच्या खांद्याला हात लावला.

"बाळ, ही किती नंबरची ट्राम गं?"

"आठ नंबर, आजी."

मग ती चढली.