सात वर्षं आ वासून

मित्रांनो, मी एक जुनी, लाल, दोन दारांची स्पोर्ट्स गाडी आहे. स्पोर्ट्स म्हटल्यावर लगेच डोळे मोठे करू नका. गेली सात वर्षं माझा एकच खेळ चालला होता, तो म्हणजे एका जागी उभं राहून तोंड उघडं ठेवणं. माझं बॉनेट वर आणि त्यात डॉक्टरांचं डोकं, अशीच आम्हा दोघांची ओळख होती. डॉक्टर म्हणजे माझे मालक. ते दातांचे डॉक्टर आहेत. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. रंगाच्या खोलीतून बाहेर आले तेव्हा तपासणीच्या बाईंनी पांढरा हातमोजा घालून माझ्यावरून हात फिरवला. धुळीचा कणही लागला नाही, तेव्हा त्यांनी पुन्हा एकदा उगाचच फिरवला. त्या दिवसापासून मी जरा शेफारले, खोटं कशाला बोलू?

शेफारायला आणखी एक कारण होतं. माझ्या इंजिनाला टर्बो आहे. टर्बो म्हणजे एक पंखा. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर तो गरगर फिरतो आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. पोट भरलं म्हटलं तरी आणखी वाढणारी एखादी मावशी असते ना, अगदी तसा. या मावशीला 'आता पुरे' म्हणून सांगायला एक रबरी नळी असते, करंगळीपेक्षाही बारीक. तिच्यातून निरोप गेला की पंखा आवरतं घेतो. निरोप गेलाच नाही, तर पंखा कोंबतच राहतो आणि इंजिन घाबरून चक्क तोंड मिटून घेतं. ही नळी तेवढी लक्षात ठेवा. बाकी कोणी ठेवली नाही.

माझा पहिला मालक मला दर रविवारी आंघोळ घालायचा. पुढे त्याला जुळं झालं. दोन दारांच्या गाडीत दोन बाळं, दोन टोपल्या आणि एक सासूबाई काही केल्या मावेनात, म्हणून मी गेले. दुसरा मालक पोहण्याचा शिक्षक होता. तो ओल्या अंगाने बसायचा. माझ्या गाद्यांना तलावाचा वास लागला, तो आजही पावसाळी हवेत येतो. मग तीन वर्षं मी एका पत्र्याच्या शेडमध्ये पडून होते. तिथे मला डॉक्टरांनी पाहिलं आणि ते जागच्या जागी विरघळले.

डॉक्टरांचं घर दुसऱ्या मजल्यावर. तळमजल्यावर शटरची एक लांब खोली होती, तीही त्यांचीच. तिथे मला आणलं तेव्हा डॉक्टरांची बायको जिन्यात उभी होती. आपण त्यांना बाई म्हणू. बाई पडदे शिवतात. शिलाई मशीन झोपायच्या खोलीत, कापड बेतायला डबल बेड, आणि टाचण्या जिथे नसायला हव्यात तिथे. ती खालची खोली बाईंना शिवणकामासाठी हवी होती आणि तसं ठरलंही होतं. डॉक्टर म्हणाले, ही सुरू झाली की विकून टाकू आणि खोली तुझी. महिन्याभराचं तर काम आहे. बाईंनी मान डोलावली. मला आठवतं, त्यांनी महिना कुठला ते विचारलं नव्हतं.

आता डॉक्टरांची काम करायची पद्धत ऐका. दात कोरताना ते रोग्याच्या गालात कापसाचे बोळे ठेवतात, म्हणजे थुंकी मध्ये येत नाही. तीच सवय त्यांनी माझ्यावर चालवली. माझी जी जी नळी सुटी केली, तिच्या तोंडात धूळ जाऊ नये म्हणून कापूस. मोठ्या नळीला मोठा बोळा, बारीक नळीला पिळून बारीक केलेला. काम झालं की बोळे काढायचे आणि नळ्या जोडायच्या. दवाखान्यात शेजारी नर्स असते. चार घातले होते, चार निघाले, असं ती मोजून सांगते. माझ्याजवळ नर्स नव्हती. पहिल्याच महिन्यात डॉक्टरांनी एकोणीस बोळे घातले आणि अठरा काढले.

एकोणिसावा कुठे राहिला असेल, सांगा पाहू. बरोबर! 'आता पुरे' सांगणाऱ्या नळीत.

तिथून पुढे घोडं पेंड खायला लागलं. सपाट रस्त्यावर मी शहाण्यासारखी चालायचे. पाण्याच्या टाकीकडचा चढ लागला की पंखा फिरायचा, मावशी वाढायला लागायची, पुरे म्हणणारं कोणी नाही, आणि अर्ध्या चढावर इंजिन तोंड मिटून घ्यायचं. मग डॉक्टर खाली उतरणार, बॉनेट उघडणार आणि खिशातून तो दात बघायचा छोटा आरसा काढून माझ्यात डोकावणार. एकदा त्यांचाच एक कवळीवाला रोगी सायकलवरून आम्हाला मागे टाकून गेला. जाता जाता हसलासुद्धा, आणि ती कवळी डॉक्टरांनीच बसवलेली होती.

डॉक्टरांनी काय काय बदललं म्हणून सांगू? प्लग बदलले, पेट्रोलचा पंप बदलला, वायरींचा अख्खा जुडगा बदलला, खुद्द पंखा बदलला. स्क्रू पिळताना ते मला म्हणायचे, "थोडं दुखेल हं." मला ओरडून सांगावंसं वाटायचं की अहो, काखेत कळसा आहे! पण गाडीजवळ ओरडायला एक हॉर्न असतो, आणि तोही त्यांनी तपासणीसाठी काढून फडताळात ठेवला होता.

बाईंच्या भावाचं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज आहे. त्याने अर्ध्या तासात माझं दुखणं ओळखलं असतं. पण या मेहुण्याने एकदा स्वतःचा दुखरा दात पकडीने उपटला होता, सख्खे मेहुणे दातांचे डॉक्टर असताना. हा अपमान डॉक्टर विसरले नव्हते. ज्याने स्वतःच्या तोंडाची गय केली नाही, त्याचा हात माझ्या गाडीला लागता कामा नये, असा त्यांचा हुकूम होता. मेहुण्यानेही दाताच्या कण्या केल्या, हिला भंगारात द्या, पांढरा हत्ती आहे हा, म्हणून. मी चांगली लाल असून मला पांढरा म्हटल्याचा राग आला. पण खरं सांगायचं तर तोवर माझाही माझ्यावरचा विश्वास उडाला होता.

अशी सात वर्षं गेली. मग बाईंना एका नाट्यगृहाचा पडदा शिवायचं काम आलं. मोठा, दोन्ही बाजूंना सरकणारा, मखमली. असं काम आयुष्यात एकदाच दार ठोठावतं. त्याला लांबच लांब टेबल लागतं आणि ते डबल बेडवर होत नाही. सोमवारी सकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. बाई भांडल्या नाहीत. जागेअभावी अशी दोन कामं मी आधीच सोडली आहेत, हे तिसरं, एवढंच त्या म्हणाल्या. डॉक्टरांना ही दोन कामं ठाऊकच नव्हती. ते ऐकून त्यांचा चेहरा उतरला.

त्याच आठवड्यात मला गिऱ्हाईकही आलं. एक टायरवाला. माझं इंजिन काढून फेकायचं, त्या जागी माती भरून फुलझाडं लावायची आणि मला दुकानासमोर शोभेला ठेवायचं, असा त्याचा बेत होता. मित्रांनो, ताशी दोनशेने पळायला जन्मलेल्या जिवाच्या पोटात कुंड्या! रविवारी दुपारी तो मला न्यायला येणार होता. डॉक्टरांची स्थिती धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी झाली. दवाखाना बंद करून येत, माझ्यात बसत आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकत. ठेवू की देऊ, असं ते मलाच विचारत. देऊ नका, असं मला म्हणायचं होतं, पण रोज त्या जिन्यावरून कापडाचे तागे चढवणाऱ्या बाईही मला दिसायच्या. म्हणून बरंच झालं, की मला बोलता येत नाही.

रविवारी सकाळी बाई टेप घेऊन खोली मोजायला खाली आल्या. मी मध्येच उभी, म्हणून टेप माझ्यावरूनच ताणला. डॉक्टर कोपऱ्यात हत्यारं आवरत होते. फडताळ मोजताना बाईंच्या हाताला कापसाच्या बोळ्यांचा डबा लागला. हे इथे कशाला, असं त्यांनी विचारलं. डॉक्टरांनी आपली युक्ती मोठ्या अभिमानाने सांगितली. आवरता आवरता सांगत होते, त्यामुळे बाईंची नजर त्यांना दिसली नाही.

"किती घातले होते?" बाईंनी विचारलं.

"लागतील तसे."

"आणि काढले किती?"

बाई टाचण्या मोजून लावतात आणि मोजून काढतात. एकदा पडद्यात राहिलेली टाचणी एका गिऱ्हाइकाच्या बोटात घुसली, तेव्हापासून. त्यांना हा प्रश्न अगदी साधा वाटला. डॉक्टरांच्या हातातला पाना मात्र तसाच राहिला.  मग ते माझ्यावर वाकले आणि एक एक नळी सोडू लागले. बाईंनी टॉर्च धरला. अकराव्या नळीत चिमटा अडकला. काळा पडलेला, तेलात भिजलेला बोळा डॉक्टरांनी बाहेर ओढला आणि उपटलेला दात दाखवतात तसा उजेडात धरला. दोघंही त्याच्याकडे बघत राहिले. मग बाई अशा हसल्या, की वरच्या मजल्याच्या खिडक्या उघडल्या.

तासाभरात आम्ही टाकीच्या चढावर होतो. अर्धा चढ आला, पंखा घुमला, निरोप गेला आणि मी सरळ वर! सात वर्षांचा कोंडलेला श्वास सुटला हो माझा. बाईंनी दाराची मूठ घट्ट धरली होती, पण हळू चालवा असं काही त्या म्हणाल्या नाहीत.

परतलो तर दारात टायरवाला उभा, बरोबर मातीची दोन पोती. डॉक्टर खाली उतरले आणि म्हणाले, गाडी विकायची नाही.

हॉर्न अजून फडताळातच होता, तरी मला तो आनंदाने वाजवावासा वाटला. तेवढ्यात बाईंचा चेहरा दिसला. त्यांनी टेप गुंडाळला, पिशवीत टाकला आणि त्या जिना चढू लागल्या. ते बघून माझा सगळा आनंद ओसरला. मी सुरू झाले होते, पण मी सुरू झाले की खोली मिळेल असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांना नाट्यगृहाला 'नाही' म्हणून कळवावं लागणार होतं. टायरवाला आपली पोती घेऊन गेला. डॉक्टर एकटेच माझ्याकडे बघत राहिले. बिघाड संपला होता आणि आता त्यांच्याजवळ सांगायला एकही सबब नव्हती.

मग त्यांनी मला बाहेर काढलं, रस्त्याच्या कडेला उभं केलं आणि स्वतःहून मेहुण्याला फोन लावला. पडद्यासाठी लांब, अवजड टेबल आणून इथे लावायचं आहे, येतोस का, असं विचारलं. मेहुणा धावतच आला. आवाज ऐकून बाई खाली आल्या, तर डॉक्टर खोलीतले तेलाचे डाग खरडत होते.

"खोली सात वर्षांपूर्वीच तुझी होती," डॉक्टर मान वर न करता म्हणाले. "मीच बोळा घालून बसलो होतो. चुकलं माझं."

 बाईंचे डोळे भरून आले होते.

"नीट खरडा," त्या म्हणाल्या. "मखमलीला डाग लागला तर नाट्यगृहवाले मला विचारतील, तुम्हाला नाही."

तेव्हापासून मी रस्त्यावर असते. ऊन लागतं, कावळे बसतात, माझा रंगही थोडा विटला आहे. बाईंनी उरलेल्या कापडाचं मला आवरण शिवलं, त्यावर मोठमोठी सूर्यफुलं आहेत. शेवटी फुलं काही चुकली नाहीत! पण रविवारी डॉक्टर ते काढतात आणि आम्ही चढावर जाऊन येतो.

मित्रांनो, तुमच्याकडेही माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू असेल. तिला हौसेने जपा, पुसा, चालवा, माझी काही तक्रार नाही. फक्त तिच्यापायी घरातलं कोणी अडून तर राहिलं नाही ना, ते एकदा विचारा. आम्ही वस्तू बाहेरही राहू शकतो. माझ्या जुन्या खोलीतून हल्ली दिवसभर मशीनचा आवाज येतो. एका लयीत, न अडखळता. सात वर्षांत त्या खोलीत एवढं सुरळीत दुसरं काहीच चाललं नव्हतं.