बांबूखालचं लग्न

बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात नऊ कागद होते. आठांवर नाव होतं राजमती हरगोबिन. नववा जन्माचा दाखला. त्यावर राजमती रामदेहोल. या दोघी एकच, असं सांगणारा दहावा कागद नव्हता.

पुढच्या महिन्यात टोरांटोत तिच्या मुलीच्या, इंद्राणीच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. घरात दोन लहान पोरं, बघायला कोणी नाही. लग्नाच्या दाखल्याशिवाय राजमतीला पासपोर्ट मिळत नव्हता, आणि राजधानी जॉर्जटाउनच्या नोंदणी कचेरीनं कळवलं होतं: लेग्वान बेट, साल १९८३, अशी नोंद नाही.

ती तडक पंडित शिवनारायणांकडे गेली. ते खांबांवर उभ्या घराच्या खाली, झुल्यात पडले होते.

"पंडितजी, माझं लग्न तुम्हीच लावलंत ना?"

"मीच. कमळाच्या पानावर सात भाज्या होत्या. भोपळा खारट झाला होता."

"मग सरकारदरबारी ते का नाही?"

पंडितजी उठून बसले. "बेटी, तेव्हा माझ्याकडे लग्न नोंदवायचा परवाना कुठं होता? बांबूच्या मांडवाखालचं लग्न देवाला चालायचं, सरकारला नाही. परवानेवाल्या पंडितासमोर नंतर सह्या करा, असं मी तुझ्या नवऱ्याला, बुधरामला बजावलं होतं."

"केल्या त्यांनी?"

"ते त्यालाच ठाऊक."

बुधरामला जाऊन सहा वर्षं झाली होती.

राजमती पाय ओढत घरी आली. नणंद चंद्रकली मासे साफ करत होती. सगळं ऐकून म्हणाली, "म्हणजे वहिनी, तू अजून कुमारिकाच की! बघू का एखादं स्थळ?"

"चंद्रे, थट्टा सुचते तुला? तिकडं पोरगी..."

चंद्रकलीनं सुरी खाली ठेवली. "थांब गं. इंद्राणीच्या वेळी तू अडलीस, तेव्हा तुला बोटीनं पलीकडच्या किनाऱ्यावर दवाखान्यात नेलं होतं. दादा तिथून चिडून परत आला. लग्नाचा कागद नाही तर बाळाला बापाचं नाव नाही, असं कोणीतरी सुनावलं होतं त्याला. मग एका सकाळी लग्नातला कोट चढवून गेला. दवाखान्यात कोट कशाला, म्हणून आम्ही हसलो होतो."

राजमतीला तो वॉर्ड आठवला. अंगात फणफणून ताप, खाटेशी एक अनोळखी पंडित, नर्सनं हातात दिलेलं पेन.

"मला वाटलं, बाळाच्या जन्माची सही आहे."

"वाचलं नाहीस?"

"तापात कोण वाचत बसतं!"

तिनं नवा अर्ज धाडला. बेट नाही, पलीकडचा किनारा. १९८३ नाही, १९८४. उत्तर येईपर्यंत इंद्राणीचा फोन आला की ती "झालंच समज" म्हणायची, आणि फोन ठेवला की डबा उघडून तेच कागद पुन्हा बघायची.

पाकीट आलं, ते चंद्रकलीनंच फोडून मोठ्यानं वाचलं. वर, बुधराम हरगोबिन. वधू, राजमती रामदेहोल. विवाहाची तारीख, ९ नोव्हेंबर १९८४.

त्या दिवशी इंद्राणीचं वय तीन दिवस होतं.